बाभळीचे नाव आणि बाभळीचा वंश : सजीवांच्या वर्गीकरणाच्या इतिहासातील एक प्रकरण

वर्गीकरण हा शब्द एकच असला तरी त्याने सूचित होणाऱ्या क्रिया दोन आहेत. अनेक वस्तूंमधील साम्य व भेद पाहून त्यांचे गट पाडणे ही पहिली क्रिया होय, आणि पाडलेल्या गटास नाव देणे ही दुसरी. व्यवहारात या दोन्ही एकापाठोपाठ किंबहुना एकत्रच घडतात, त्यामुळे त्यांतील अंतर सहसा लक्षात येत नाही. प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र यांच्या इतिहासात मात्र हे अंतर हळूहळू वाढत गेले, आणि शेवटी असा प्रसंग आला की, एका गटाची घटना निश्चित करण्याचे काम प्रयोगशाळेने केले व त्याच्या नावाचा निर्णय मतदानाने लागला. हा प्रसंग ज्या वृक्षाच्या संदर्भात घडला तो महाराष्ट्राच्या माळरानावर व शेताच्या बांधावर नित्य आढळणारी बाभूळ होय. बाभळीच्या शास्त्रीय नावाचा इतिहास पाहिला असता सजीवांच्या वर्गीकरणाची तत्त्वे कसकशी बदलत गेली याचे बरेचसे दर्शन एकाच उदाहरणात घडते. भाषांच्या वंशविचाराशी या इतिहासाचे असलेले नातेही त्यातून स्पष्ट होते.

१. उपयोग आणि आकार

वनस्पतींचे अतिप्राचीन गट दोन निकषांवर पाडलेले दिसतात : उपयोग व आकार. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने वनस्पतींचे वृक्ष, झुडूप, उपझुडूप व औषधी (लहान रोप) असे चार भाग केले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वनस्पती, वानस्पत्य, वीरुध व ओषधी असे चार प्रकार सांगितले आहेत. परंतु त्यांतील निकष केवळ आकाराचा नाही. ज्यांना फुलावाचून फळ येते असे मानले जाई त्या वनस्पती, ज्यांना फूल व फळ दोन्ही येतात ते वानस्पत्य, फळ पिकताच ज्यांचे जीवन संपते त्या ओषधी, आणि ज्या पसरतात वा चढतात त्या वीरुध. प्राण्यांच्या बाबतीत उत्पत्तिप्रकारावरून जरायुज, अंडज, स्वेदज व उद्भिज्ज असे भेद परंपरेत रूढ होते. उमास्वातीच्या तत्त्वार्थसूत्रात तर इंद्रियांच्या संख्येवरून जीवांची क्रमवारी लावलेली आढळते : कृमीला दोन इंद्रिये, मुंगीला तीन, भ्रमराला चार व मनुष्याला पाच. एकच लक्षण घेऊन त्याच्या क्रमवृद्धीवर सर्व जीवसृष्टी मांडण्याचा हा प्रयत्न तर्काच्या दृष्टीने नीटस आहे. त्यात नात्याचा विचार नाही. परंतु तसा विचार त्या काळी अन्यत्रही नव्हता.

ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने इ. स. च्या पहिल्या शतकात ईजिप्तमधील एका काटेरी वृक्षाचे वर्णन ‘अकाकिया’ या नावाने केले व त्याच्या रसाचे औषधी उपयोग सांगितले. टोक अथवा काटा या अर्थाच्या ग्रीक धातूशी या शब्दाचा संबंध जोडला जातो. हा नाईलच्या काठचा वृक्ष म्हणजेच बाभूळ. भारतातील निघंटुकारांनी याच वृक्षाची ‘बब्बूल’ व ‘बर्बूर’ अशी नावे दिली आहेत. भावप्रकाशाच्या वटादिवर्गात वड, पिंपळ, शिरीष, खदिर व बब्बूल यांची गणना एकत्र केलेली आहे. निघंटूतील वर्ग हे औषधी द्रव्य हाताळणाऱ्यासाठी रचलेले असल्याने वड व बाभूळ एका वर्गात बसण्यात त्या ग्रंथकारास कोणतीच विसंगती वाटण्याचे कारण नव्हते. ‘बब्बूल’ मधील जोडव्यंजन सुटे होऊन आधीचा स्वर दीर्घ होण्याची प्रक्रिया मराठी ‘बाभूळ’ व गुजराती ‘बावळ’ या दोन्ही रूपांत दिसते. खदिराचा उल्लेख ऋग्वेदातही असून त्याचेच ‘खैर’ हे रूप मराठीत स्थिर झाले.

लोकव्यवहारातील वर्गीकरण याहून निराळ्या प्रकारचे, परंतु बरेच शिस्तबद्ध आहे. मराठीत ‘बाभूळ’ हे एक मूळपद असून त्यास विशेषण जोडून रामकाठी बाभूळ, देवबाभूळ, वेडी बाभूळ, सुबाभूळ अशी नावे सिद्ध होतात. मूळपद गटाचे व विशेषण त्यातील प्रकाराचे, ही रचना शास्त्रीय द्विपदनामाच्या रचनेहून तत्त्वतः भिन्न नाही. भेद इतकाच की, लॅटिनमध्ये विशेषण मागून येते व मराठीत पुढे येते. या नावांपैकी वेडी बाभूळ व सुबाभूळ हे दोन्ही अमेरिका खंडातून आलेले परके वृक्ष होत. मराठी भाषकाने त्यांची संयुक्त पाने, शेंगा व ठेवण पाहिली आणि त्यांना परिचित मूळपदाखाली स्थान दिले. अपरिचिताला परिचिताच्या घरात सामावून घेण्याची ही रीत सर्व भाषांत आढळते. शास्त्रज्ञांनीही प्रारंभी दुसरे काही केले नाही.

२. लिनियस : वर्णनाकडून नावाकडे

१५८३ साली सेझाल्पिनो याने फळ व बीज यांच्या रचनेवर वनस्पतींची विभागणी केली, तेव्हापासून वर्गीकरणाचा निकष उपयोगाकडून अवयवांकडे वळला. १७०० साली तूर्नफॉर याने प्रजाती हा घटक पक्का करून ‘अकेशिया’ ही प्रजाती आपल्या ग्रंथात मांडली. ग्रीक वैद्यकातील एका वृक्षाचे नाव अशा रीतीने अनेक वृक्षांच्या गटाचे नाव झाले.

कार्ल लिनियस याने हा गट मान्य केला नाही. १७५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथात त्याने बाभूळ लाजाळूच्या ‘मिमोसा’ या प्रजातीत घालून तिला ‘मिमोसा निलोटिका’ असे नाव दिले. लिनियसची वर्गव्यवस्था पुंकेसरांची व किंजलांची संख्या व मांडणी यांवर आधारलेली होती व तीत एकंदर २४ वर्ग होते. ही व्यवस्था कृत्रिम आहे, फुलातील अवयव मोजून वनस्पती ओळखण्याचे ते एक साधन आहे, याची जाणीव स्वतः लिनियसला पूर्णपणे होती. नैसर्गिक व्यवस्थेचे काही त्रुटित तुकडे त्यानेही रचून पाहिले होते.

लिनियसचे चिरस्थायी कार्य या वर्गव्यवस्थेत नसून नामपद्धतीत आहे. त्याच्या पूर्वी वनस्पतीचे शास्त्रीय नाव हे एक लांबलचक लॅटिन वाक्यांश असे. त्यात त्या जातीला इतर जातींपासून वेगळे करणारी लक्षणे सांगितलेली असत. म्हणजे नाव व व्याख्या एकच होती. याचा परिणाम असा होई की, त्याच गटात एक नवी जाती सापडली की जुनी व्याख्या अपुरी पडे व त्यासोबत नावही बदलावे लागे. लिनियसने वाक्यांश कायम ठेवलाच. परंतु त्याच्या बाजूस समासात एकच पद छापले. प्रजातीचे नाव व हे एक पद मिळून द्विपदनाम झाले. ‘निलोटिका’ या पदाने नाईल नदीचा निर्देश होतो, पण ती त्या वृक्षाची व्याख्या नव्हे. गोदावरीच्या काठी वाढणारी बाभूळही ‘निलोटिका’च राहते. वर्णनाचे ओझे उतरून नाव हे विशेषनामासारखे केवळ निर्देशक बनले, ही घटना भाषेच्या दृष्टीने पाहता वर्गीकरणाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची म्हणावी लागेल.

या नावांत भारतीय भाषांचा वाटा किती, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या संवादरूप ग्रंथात औषधी द्रव्यांची देशी नावे ठिकठिकाणी नोंदली आहेत. कोचीन येथील डच अधिकारी व्हान र्‍हेडे याने सिद्ध करविलेला ‘होर्तुस मलबारिकुस’ हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे बारा खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच्या चित्रांवर मल्याळी, अरबी व नागरी लिप्यांतील नावे कोरलेली आहेत. इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचे, तसेच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र त्यात छापलेले आहे. लिनियसने भारतीय वनस्पतींसाठी या ग्रंथाचा मोठा आधार घेतला. परंतु प्रजातींची नावे ग्रीक वा लॅटिन धातूंवरून घ्यावीत, ‘रानटी’ भाषांतील नावे टाळावीत, असा त्याचा १७३७ पासूनचा नियम होता. त्यामुळे देशी शब्दांना बहुधा दुसऱ्या पदाची जागा मिळाली. सोनचाफ्याचे ‘मिशेलिया चंपाका’ हे नाव याचे उदाहरण होय : पहिले पद फ्लॉरेन्सच्या मिकेली या वनस्पतिज्ञाच्या स्मरणार्थ, दुसरे संस्कृत ‘चंपक’ शब्दाचे रूप.

संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान उगमाचा विचार १७८६ साली मांडणारा सर विल्यम जोन्स हा वनस्पतींचाही अभ्यासक होता, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या क्वचितच ध्यानात असते. भारतीय वनस्पती त्यांच्या भारतीय नावांनीच ओळखल्या जाव्यात, असे त्याचे मत होते. नियतीचा विनोद असा की, रॉक्सबर्गने १७९५ साली अशोक वृक्षास जोन्सच्याच गौरवार्थ ‘जोनेसिया अशोका’ असे नाव दिले. पुढे लिनियसचे १७६७ सालचे ‘सराका’ हे नाव अगोदरचे ठरल्याने ‘जोनेसिया’ मागे पडले. आज त्या वृक्षाचे नाव ‘सराका अशोका’ आहे. जोन्सचे नाव गेले. जोन्सला हवा होता तो शब्द राहिला.

३. पुंकेसरांचा निकष

‘अकेशिया’ हे नाव फिलिप मिलर याने १७५४ साली पुन्हा स्वीकारले. विल्डेनोव्हने १८०६ साली ‘मिमोसा’चे विभाजन केले, तेव्हा बाभूळ या प्रजातीत स्थिरावली. लामार्कने १७८३ साली दिलेल्या ‘मिमोसा अरेबिका’ या नावावरून तिला ‘अकेशिया अरेबिका’ म्हटले जाऊ लागले. हूकरच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’त व थिओडोर कुक याच्या ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ (१९०१–१९०८) या ग्रंथात हेच नाव आहे. पुढे अग्रक्रमाच्या नियमाने १७५३ चे ‘निलोटिका’ हे पद पुनः प्रस्थापित झाले.

या अवधीत नैसर्गिक व्यवस्थेचा शोध चालू होता. आंत्वान-लोराँ द ज्यूस्यू याने १७८९ साली वनस्पतींची कुले मांडली. एकाच अवयवाची संख्या न मोजता अनेक लक्षणांचा समुच्चय विचारात घ्यावा, हे त्याचे सूत्र होते. जॉर्ज बेंथॅम याने १८४२ साली शिंबावंत कुलातील बाभूळ–लाजाळू गटाची पुनर्रचना केली व १८७५ साली ती विस्ताराने मांडली. त्याचा निकष सुबोध होता. ज्यांच्या फुलात पुंकेसर दहा किंवा त्याहून कमी ते मिमोसाच्या समूहात. ज्यांत पुंकेसर पुष्कळ व सुटे ते अकेशियाच्या समूहात. ज्यांत पुंकेसर पुष्कळ, परंतु तळाशी जुळून नलिका झालेली, ते इंगाच्या समूहात. शिरीष या तिसऱ्या समूहात पडला.

‘पुष्कळ व सुटे पुंकेसर’ या एका लक्षणाखाली बेंथॅमने एकत्र आणलेल्या वनस्पती बाह्यतः फार भिन्न होत्या. बाभळीला सरळ, जोडीने येणारे काटे असतात. ते उपपर्णांचे रूपांतर होय. तिची फुले पिवळ्या गोल गेंदात येतात. खैराचे काटे आकड्यासारखे वाकलेले असून ते उपपर्णांपासून झालेले नसतात व त्याची फुले लांबट कणिशात येतात. ऑस्ट्रेलियातील बहुसंख्य जातींना काटे नसतात व त्यांच्या पानाचा देठच पसरट होऊन पानाचे काम करतो. बेंथॅमला हे भेद दिसत होते. म्हणूनच त्याने प्रजातीच्या पोटात सहा श्रेणी कल्पिल्या. तथापि त्या सर्वांना एकत्र बांधणारे लक्षण त्याच्या दृष्टीने पुंकेसरच होते, आणि ही व्यवस्था शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली.

४. वंशवृक्ष आणि नवनिर्मिती

१८५९ साली डार्विनने नैसर्गिक व्यवस्थेच्या शोधाला नवा अर्थ दिला. निसर्गशास्त्रज्ञ ज्या व्यवस्थेचा नकळत शोध घेत आले ती वंशावळीची व्यवस्था होय, हा त्याच्या ग्रंथातील वर्गीकरणविषयक प्रकरणाचा आशय आहे. त्या संपूर्ण ग्रंथात आकृती एकच आहे व ती फांद्या फुटलेल्या वृक्षाची आहे. हा विचार स्पष्ट करण्यासाठी डार्विनने भाषांचा दृष्टांत घेतला : मानवसमूहांची संपूर्ण वंशावळ हाती असती तर जगातील भाषांचे उत्तम वर्गीकरण तिच्यावरूनच झाले असते.

हा दृष्टांत आकस्मिक नव्हता. येना येथील आउगुस्ट श्लायशर याने इंडो-युरोपीय भाषांचा वंशवृक्ष १८५३ सालीच रेखाटला होता. १८६३ साली प्राणिशास्त्रज्ञ हेकेल यास लिहिलेल्या खुल्या पत्राच्या रूपाने त्याने डार्विनचा सिद्धांत व भाषाशास्त्र यांची तुलना प्रसिद्ध केली. भाषा हा नैसर्गिक जीव आहे, असे श्लायशर मानीत असे. त्याचे हे मत पुढील पिढीने टाकून दिले. परंतु त्या पिढीने वंशवृक्षाला जी पद्धत पुरविली ती अधिक मोलाची ठरली.

प्रश्न असा होता की, दोन भाषांमधील कोणते साम्य निकटच्या नात्याचा पुरावा मानावे? लेस्कीनने १८७६ साली व ब्रुगमानने १८८४ साली याचे उत्तर दिले. मूळ भाषेतून जपून ठेवलेले लक्षण दोन भाषांत समान असले तर त्यावरून त्यांचे विशेष नाते सिद्ध होत नाही. मूळ भाषेत नसलेला व दोघींत समानपणे घडलेला बदल, म्हणजे सामाईक नवनिर्मिती, हाच विशेष नात्याचा पुरावा होय. मराठी, कोंकणी व गुजराती या तिन्ही भाषांत नपुंसकलिंग टिकून आहे. हिंदीत ते लोपले. एवढ्यावरून त्या तिन्ही भाषांचे एक स्वतंत्र घराणे कल्पिता येत नाही, कारण नपुंसकलिंग संस्कृतातही होते. ज्यांनी ते टाकले नाही त्या सर्व भाषांत ते असणारच. याउलट ‘चाक’, ‘जड’ यांसारख्या शब्दांतील दंत्य च-ज हे मराठी व कोंकणीतील समान नवे उच्चार आहेत. परंतु असे उच्चार तेलुगूतही आढळतात, आणि तेलुगू तर दुसऱ्याच भाषाकुलातील आहे. म्हणजे नवनिर्मितीही एकट्याने पुरेशी साक्ष देत नाही. ती सहवासाने पसरू शकते किंवा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे घडू शकते. अनेक स्वतंत्र साक्षी एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या म्हणजेच नाते मान्य करता येते.

जीवशास्त्रात हीच भूमिका संपूर्ण व काटेकोर स्वरूपात मांडण्याचे श्रेय जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग याला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इटलीत युद्धकैदी असताना त्याने आपल्या ग्रंथाचा पहिला मसुदा तयार केला. ग्रंथ १९५० साली बर्लिन येथे प्रसिद्ध झाला व १९६६ च्या इंग्रजी आवृत्तीमुळे त्याचा प्रसार झाला. हेनिगच्या मते नैसर्गिक गट तोच, ज्यात एक पूर्वज व त्याचे सर्व वंशज येतात. असा गट केवळ सामाईक नवनिर्मितीवरून ओळखता येतो. जुनी लक्षणे टिकून राहिल्याचा त्यासाठी उपयोग नाही. ब्रुगमानच्या लेखापासून हेनिगच्या ग्रंथापर्यंत ६६ वर्षांचे अंतर आहे. डार्विनने वंशाचे तत्त्व दिले असले तरी वंश ओळखण्याची कसोटी वर्गीकरणशास्त्रात इतक्या उशिरा स्थिर झाली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. भाषाशास्त्रापुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे प्राचीन लेख होते. जुने काय व नवे काय हे त्यांवरून बऱ्याच अंशी पडताळता येत असे. जीवशास्त्रज्ञाला जुन्या-नव्याचा हा निवाडा बहुतेक वेळा तुलनेनेच करावा लागे.

हेनिगच्या कसोटीने अनेक जुने गट ढासळले. सुसरी या सरड्यांपेक्षा पक्ष्यांना जवळच्या असल्याने पक्षी वगळून ‘सरीसृप’ हा पूर्ण गट राहत नाही. पुढे रेणवीय पुराव्याने ही उलथापालथ आणखी वाढली. कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांना निकट ठरली, आणि १९७७ साली वूज व फॉक्स यांनी रायबोसोममधील आरएनएची तुलना करून केंद्रकरहित सूक्ष्मजीवांत दोन मूलतः भिन्न शाखा दाखवून दिल्या.

५. अकेशियाचे विभाजन

बेंथॅमच्या अकेशियाला ही कसोटी लावली तेव्हा ती टिकली नाही. क्वीन्सलंडचा वनस्पतिज्ञ पेडली याने १९८६ साली तिचे तीन प्रजातींत विभाजन सुचविले. त्यानंतरच्या काळात हरितलवकांतील डीएनएच्या तुलनेने हे निश्चित झाले की, तेराशेहून अधिक जातींचा हा समूह एका पूर्वजाचा पूर्ण वंश नाही. बाभूळ व तिचे सगोत्र ही एक शाखा. खैर व त्याचे सगोत्र ही दुसरी. अमेरिकेतील दोन लहान शाखा वेगळ्या. आणि ऑस्ट्रेलियातील सुमारे हजार जाती ही आणखी एक शाखा. ही शेवटची शाखा तर बाभळीपेक्षा जुळलेल्या पुंकेसरांच्या, म्हणजे शिरीष ज्यात येतो त्या समूहाला अधिक जवळची आहे. सुटे पुंकेसर हे एका वंशाचे खास चिन्ह नव्हतेच. शंभराहून अधिक वर्षे ज्या लक्षणाने हा गट एकत्र बांधला होता ते नात्याविषयी फारसे काही सांगत नव्हते.

येथपर्यंतचा प्रश्न केवळ विज्ञानाचा होता व त्याचे उत्तर पुराव्याने दिले. यानंतरचा प्रश्न नावाचा होता : पाच शाखांपैकी ‘अकेशिया’ हे नाव कोणी ठेवावे?

नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे याचे उत्तर ठरलेले होते. १८६७ साली पॅरिस येथे आल्फाँस द कांदोल याने तयार केलेल्या नियमांपासून अग्रक्रमाचे तत्त्व मान्य झाले. पुढे १९३० च्या केंब्रिज परिषदेत प्ररूपाचे तत्त्वही नियमांत आले. या तत्त्वानुसार नाव हे व्याख्येला बांधलेले नसून एका ठराविक नमुन्याला किंवा जातीला बांधलेले असते. गट फुटला तर ज्या भागात प्ररूप पडेल त्या भागाकडे नाव जाते. अकेशियाचे प्ररूप म्हणजे लिनियसची ‘मिमोसा स्कॉर्पिऑइडीस’, आणि ती आजच्या मताने बाभळीहून वेगळी नाही. म्हणजे नियमानुसार नाव बाभळीकडे राहावयास हवे होते, आणि डायोस्कोरिडीसपासूनचा इतिहासही त्याच बाजूचा होता. तसे झाले असते तर ऑस्ट्रेलियातील सुमारे हजार जातींना ‘रॅकोस्पर्मा’ हे जवळजवळ अपरिचित नाव घ्यावे लागले असते.

नामस्थैर्यासाठी नियमाला अपवाद करण्याची तरतूद नियमांतच आहे. तिचा आधार घेऊन ऑर्चर्ड व मास्लिन या ऑस्ट्रेलियन वनस्पतिज्ञांनी २००३ साली असा प्रस्ताव मांडला की, अकेशियाचे प्ररूपच बदलून ऑस्ट्रेलियातील एक जाती प्ररूप मानावी. त्यामुळे सर्वांत कमी नावे बदलतील, हा त्यांचा युक्तिवाद होता. विरोधकांचे म्हणणे असे की, आफ्रिका व आशिया येथील माणसांच्या व्यवहारात हे नाव शतकानुशतके रुजलेले असून संख्येच्या बळावर ते हिरावून घेणे न्याय्य नाही. संबंधित समितीने प्रस्तावाची शिफारस केली. २००५ सालच्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत या शिफारशीच्या विरुद्ध सुमारे ५५ टक्के मते पडली. परंतु ती फेटाळण्यास ६० टक्के मते आवश्यक मानली गेल्याने शिफारस कायम झाली. बहुमत विरुद्ध असूनही प्रस्ताव संमत झाला, या विचित्र परिणामावर पुढे सहा वर्षे वाद चालला. २०११ साली मेलबर्न येथील परिषदेने तो निर्णय कायम केला.

तेव्हापासून बाभळीचे नाव ‘व्हॅचेलिया निलोटिका’ व खैराचे ‘सेनेगालिया कॅटेचू’ असे झाले आहे. व्हॅचेल हा मकाव येथील ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीतील एक धर्मोपदेशक व वनस्पतिसंग्राहक होता. नाईलच्या ज्या वृक्षामुळे ‘अकेशिया’ हा शब्द शास्त्रात आला त्यालाच आता तो शब्द लावता येत नाही. कोंकणात रस्त्यांच्या कडेला व पडीक जमिनीवर लावलेला, लोक ज्याला ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतात तो वृक्ष मात्र शास्त्रानुसार आजही अकेशियाच आहे : ‘अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस’.

६. नाव, नाते व श्रेणी

या प्रकरणावरून शास्त्रीय वर्गीकरण हे अखेर बहुमताचा खेळ आहे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु तो चुकीचा ठरेल. व्हिएन्ना येथे बाभूळ व ऑस्ट्रेलियन जाती यांच्या नात्यावर मतदान झाले नाही व होणेही शक्य नव्हते. मते दिली गेली ती एका शब्दाच्या मालकीवर. नाते हे पुराव्याने ठरते व नव्या पुराव्याने पालटू शकते; नाव हे संकेताने ठरते, आणि संकेत ठरविणाऱ्यांमध्ये कोणाचा आवाज किती, हा प्रश्न त्यात अटळपणे येतो. लिनियसने नावाला व्याख्येपासून मुक्त केले त्याच क्षणी या दोन निर्णयांची फारकत झाली होती. अडीचशे वर्षांनी तिचा परिणाम दृष्टीस पडला इतकेच.

या दोहोंखेरीज तिसरी एक गोष्ट आहे, ती श्रेणीची. बाभळीची शाखा ही प्रजाती मानावी की मोठ्या प्रजातीतील उपविभाग, याचे उत्तर वंशवृक्ष देत नाही. वंशवृक्षात शाखा असतात. त्यांवर ‘प्रजाती’, ‘कुल’, ‘गण’ अशा पाट्या लावलेल्या नसतात. २०१७ साली शिंबावंत कुलाची नवी रचना मान्य झाली, तेव्हा लाजाळू–बाभळीचे पूर्वीचे उपकुल श्रेणीने उतरून दुसऱ्या उपकुलाच्या पोटात गेले. त्यातील वनस्पतींचे परस्परांशी असलेले नाते मात्र त्यामुळे तसूभरही बदलले नाही. सोनचाफ्याची ‘मिशेलिया’ ही प्रजातीही ‘मॅग्नोलिया’त विलीन झाली असून तो आता ‘मॅग्नोलिया चंपाका’ आहे. त्याचे ‘चंपाका’ हे पद अबाधित आहे.

भाषेच्या अभ्यासकाला या तिन्ही प्रश्नांची गल्लत नवी नाही. कोंकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद महाराष्ट्रात व गोव्यात दीर्घकाळ चालला. ध्वनिपरिवर्तने व रूपविचार यांवरून दोहोंचे नाते किती निकट हे सांगता येते. ते निकट आहे याविषयी कोणाचेही दुमत नाही. परंतु त्या निकटतेला ‘भाषा’ म्हणावे की ‘बोली’, हा श्रेणीचा प्रश्न होता व तो तिच्या भाषकांच्या इच्छेने आणि राज्यव्यवस्थेच्या निर्णयाने सुटला : १९९२ साली कोंकणीचा समावेश संविधानाच्या आठव्या अनुसूचीत झाला. त्या वादात उभय पक्षांनी नात्याचा पुरावा श्रेणीच्या समर्थनार्थ वापरला, आणि म्हणूनच तो पुरावा कोणाचेच समाधान करू शकला नाही. नात्याची चिकित्सा, श्रेणीचा निर्णय व नावाचा हक्क या तीन गोष्टी वेगळ्या मांडल्या असत्या तर विरोध मिटला नसता. पण विरोध नेमका कशाविषयी आहे हे तरी स्पष्ट झाले असते.

बाभळीच्या बाबतीत एक निरीक्षण शेवटी नोंदविणे योग्य होईल. मिमोसा, अकेशिया, व्हॅचेलिया अशी तीन प्रजातिनामे व अरेबिका, निलोटिका अशी दोन जातिनामे या एका वृक्षाने अडीच शतकांत घेतली. या सर्व काळात शेतकऱ्याने तिच्या लाकडाचे औत केले, शेळ्यांनी तिच्या शेंगा खाल्ल्या व डिंक गोळा करणाऱ्यांनी तिचा डिंक गोळा केला. त्यांच्या तोंडचे नाव एकच राहिले. लोकभाषेतील नाव वंशाविषयी कोणताही दावा करीत नाही, म्हणून वंशाविषयीच्या नव्या ज्ञानाने ते खोटेही ठरत नाही. शास्त्रीय नावाने तो दावा स्वीकारला आहे. वारंवार बदलावे लागणे ही त्या दाव्याची किंमत होय, आणि जोपर्यंत वंशाविषयीचे ज्ञान अपूर्ण आहे तोपर्यंत ती देत राहणे शास्त्राला भाग आहे.